बाहुलीच्या लग्नाची पहिली अक्षत

अंबूअक्कांचे पत्र आले त्या दिवशी लागू गुरुजींना दुपारचे जेवण गेले नाही. पत्र म्हणजे साधे पोस्टकार्डच होते. पण अक्कांचे कार्ड आणि कोर्टाचे समन्स यांत फरक एवढाच, की समन्स आलेल्या माणसाला निदान आपली बाजू मांडता येते. अक्कांनी लिहिले होते, "मुली तिकडे रानात वाढून रानटी होत आहेत असे मला तिघांकडून कळले. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने पौडास उतरते. त्यांचे वळण डोळ्यांनी पाहीन. कळले ते खरे असेल तर दोघींना बरोबर पुण्यास घेऊन येईन. शाळेत नावे घालण्याचे बोलून ठेवले आहे. मुलींचे कपडे धुऊन ठेवणे."

यातले 'खरे असेल तर' हे केवळ शोभेसाठी होते, कारण 'कपडे धुऊन ठेवणे' हा निकाल खाली आलेलाच होता.

आता कुणी म्हणेल, नाही म्हणायचे. त्या कुणाला अक्का माहीत नाहीत. गुरुजींची आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि तेव्हापासून त्यांना वाढवले, शिकवले आणि वेळोवेळी बडवले ते थोरल्या बहिणीने. कोळवणच्या शाळेत चाळीस पोरे नुसत्या चष्म्यावरून बघून गप्प करणारे लागू गुरुजी वयाच्या अडतिसाव्या वर्षीही अक्कांसमोर मांडी घालून बसत नसत, उकिडवे बसत. अशा माणसाने 'मुली देत नाही' असे म्हणायचे म्हणजे फारच झाले. आणि मुली द्यायच्या तर त्याची नुसती कल्पनाही करवत नव्हती. नऊ वर्षांची वत्सी आणि सात वर्षांची हेमी घरात नसतील तेव्हा घर किती शांत होईल, असा विचार त्यांनी आजवर अनेकदा केला होता. पण तो दर वेळी आनंदाने केला होता. कार्ड हातात धरून पहिल्यांदाच तो त्यांना भीतीने करावा लागला.

बरे, अक्कांना कळलेले खोटे म्हणावे, तर तशीही सोय नव्हती. गेल्याच महिन्यात हेमीने दुपारी दोन वाजता शाळेची घंटा वाजवून सगळी शाळा घरी पाठवली होती. वत्सी घरमालकाच्या म्हशीवर बसून डोहात जात असे आणि म्हैस निघेपर्यंत निघत नसे. दोघींनी मिळून एकदा परीक्षेच्या दिवशी गुरुजींच्या खुर्चीला शेळी बांधली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पाहून फक्त "पट चांगला आहे" एवढेच म्हटले, हा त्यांचा मोठेपणा.

म्हणून गुरुजींनी ठरवले की आठ दिवस मुलींना घरात शांत बसवायचे, म्हणजे रविवारपर्यंत सवय होईल. बेत एवढाच होता. उन्हाळ्याची सुट्टी होती, गुरुजींना वेळही होता. त्यांनी भिंतीवर खडूने वेळापत्रक लिहिले: सकाळी पाढे, मग शुद्धलेखन, मग स्तोत्रे, मग विश्रांती. विश्रांतीपर्यंत गोष्टी गेल्याच नाहीत. पावकीच्या पाढ्याला हेमी माळ्यावर होती आणि वत्सी तिला उतरवायला म्हणून जी गेली ती कौलांवर सापडली.

तेव्हा गुरुजींना एक युक्ती सुचली. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांची सुरुवात अशीच झालेली होती, पण हे माणसाच्या वेळेवर ध्यानात येत नाही.

"असं करा," ते गोड आवाजात म्हणाले, "बाहुलीचं लग्न लावा. छान बसून खेळायचा खेळ आहे. चांगलं आठ दिवस चालू द्या. घाई करू नका."

"खरं लग्न?" वत्सीने विचारले.

"अगदी खरं. सगळं रीतसर झालं पाहिजे."

आत तांदूळ निवडत बसलेल्या यमुनाबाई, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती, "हं" म्हणाल्या. चौदा वर्षांच्या संसारात त्या 'हं'चा अर्थ गुरुजींना कळायला हवा होता.

पुढचे दोन दिवस घरात इतकी शांतता होती की गुरुजींनी स्वतःचे मनातल्या मनात कौतुक केले. मुली घरात नव्हत्याच, हे त्यांना बुधवारी सकाळी कळले. सकाळी घरमालक हैबतराव अंगणात उभे होते. हैबतराव गावचे पोलीस पाटीलही होते. त्यांच्या मागे तीन गडी, आणि गड्यांच्या खांद्यावर बांबू.

"गुर्जी, मांडव म्होरं घालायचा का परसात?"

"कसला मांडव?"

"लग्नाचा."

"कोणाच्या?"

"आवो, असं काय करता? तुमच्या सोनीच्या. आक्षत आलीया आमच्याकडं."

सोनी म्हणजे यमुनाबाईंच्या आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी भरून शिवलेली बाहुली. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता, पण स्वभावाने चांगली होती.

मागून हैबतरावांच्या मंडळी साळूबाई आल्या आणि सगळा उलगडा झाला. "पोरी आल्या, इचारलं, मावशे, रीतसर लगीन कसं धरत्यात? म्या सांगितलं. पयली आक्षत देवाला, दुसरी पाटलाला, मग घरटी. पोरी गुणाच्या हो! येक घर चुकवलं न्हाई. वरल्या वाडीला बी जाऊन आल्या. चुकलं का माजं?"

कोळवणात हळदकुंकवाचे चार तांदूळ कुणी दाराशी आणले की ते पदरात घ्यायचे आणि लग्नाला जायचे. आजारी माणूससुद्धा पाटावर बसून जातो. ही अक्षत साठ घरांत गेली होती.

"अहो पाटील, पण ते बाहुलीचं लग्न आहे!"

"मग मानसाचं हाय म्हनून कोन म्हनतंय?" हैबतराव शांतपणे म्हणाले. "आक्षत उंबऱ्याच्या आत घेतली म्हंजी घेतली. आन देव येनार लग्नाला, तितं आमी घरी बसायचं व्हय?"

"लग्न कधी आहे?" गुरुजींनी विचारले.

"आयतवारी की. भैरोबाचा वार."

गुरुजी तिथेच ओट्यावर बसले. रविवारी अक्का येणार, मुलींचे वळण बघणार, आणि अंगणात दोनशे माणसे बाहुलीच्या लग्नाला जमलेली असणार. मुली गेल्याच म्हणायच्या.

लग्न मोडावे म्हणून ते तडक भैरोबाच्या देवळात नथू गुरवाकडे गेले. नथूने सगळे ऐकून घेतले आणि सरकारी कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखी मान हलवली. "देवाच्या पायाशी आक्षत ठिवलीया. आता माज्या हातात न्हाई. मोडायचं तर कौल लावावा लागंल."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नाही. 'लग्न मोडू का?' असा प्रश्न विचारावा, असे गुरुजींनी सुचवले. नथू म्हणाला, असा उफराटा सवाल देव घेत नाही, 'लग्न होऊ दे का?' असाच घालावा लागतो. घातला. उजवी पाकळी पडली. पाकळी नीट चिकटली नव्हती, असा गुरुजींनी आक्षेप घेतला. पुन्हा घातला, उजवी पडली. तिसऱ्यांदा तर नथूचा हात मागे यायच्या आतच पडली. "देवाला लईच हौस दिसतीया," नथू म्हणाला.

निदान वार तरी बदलून सोमवार करता येईल का, यावर नथूने नुसते त्यांच्याकडे पाहिले.

परतताना गुरुजींना कायदा आठवला. गेल्या सव्वीस जानेवारीला त्यांनीच झेंड्याखाली उभे राहून बालविवाहाच्या कायद्यावर पाऊण तास भाषण केले होते आणि उन्हात दोन पोरे चक्कर येऊन पडली होती. त्यांनी हैबतरावांना गाठले आणि पोलीस पाटील या नात्याने जाब विचारला. वधू गेल्या दिवाळीत शिवलेली, म्हणजे वय सहा महिने. हा सरळ गुन्हा होता.

हैबतराव गंभीर झाले. कायद्याची गोष्ट निघाली की ते फेटा सारखा करीत. "दिवाळीत शिवली. बरं. पर लुगडं कवाचं?"

"लुगडं?"

"ज्याची शिवली ते."

"ते आमच्या सासूबाईंचं. असेल वीस-बावीस वर्षांचं."

"मंग बसतीया की कायद्यात!" हैबतरावांचा चेहरा उजळला. "आन न्हवरा हाय वरल्या वाडीच्या गेणबाच्या नातीचा, जयाचा. गेणबानं त्यो आज्याच्या दाराच्या चौकटीतनं कोरलाय. शंभरीच्या फुडं लाकूड हाय ते. न्हवरा वाईच वयस्क हाय, पर कायद्यानं त्याला हरकत न्हाई."

गुरुजी घरी आले आणि भिंतीवरचे वेळापत्रक पुसून टाकले.

त्यानंतर घर त्यांचे राहिले नाही. घरटी आंबेमोहर तांदूळ येऊन पडला. बायका पत्रावळी लावायला बसल्या. सल्ला द्यायला तर गावात कुणी कमी नव्हते. जात्यायेत्या माणसाने गुरुजींना वधूपित्याने कसे वागावे ते सांगावे. वधूपित्याने हसू नये, हा एक. वधूपित्याने वर बघून बोलू नये, हा दुसरा. वास्तविक ते वधूचे आजोबा होते, कारण वधूची आई वत्सी. पण वत्सीला नवरा नसल्यामुळे ते पद रिकामे होते आणि ते गुरुजींच्या गळ्यात पडले. यमुनाबाईंनी एका शब्दाने त्रागा केला नाही. त्या लाडू वळायला बसल्या, आणि गुरुजी समोरून गेले की फक्त "सगळं रीतसर," एवढे म्हणत.

शनिवारी त्यांनी मुलींना समोर बसवले आणि खरे ते सांगितले. अक्काआत्या उद्या येणार आहेत, वळण बघणार आहेत, आणि ते बघून घेऊन जाणार आहेत. हेमीने विचारले, "किती दिवस?" गुरुजी म्हणाले, "मॅट्रिक होईपर्यंत." हेमी बोटांवर मोजायला लागली, तर दोन्ही हात संपले. वत्सी म्हणाली, "आम्ही उद्या खूप चांगलं वागू, बाबा." आणि ती मनापासून म्हणत होती, याचेच गुरुजींना जास्त वाईट वाटले.

रविवारी गुरुजी हैबतरावांच्या बैलगाडीतून अक्कांना आणायला पौडाला गेले. त्यांच्या मनात शेवटचा एक बेत होता: गाडी सावकाश हाकायची, नदीवर थांबून फराळ करायचा, झाडाखाली अक्कांना झोप लागली तर उत्तमच. संध्याकाळपर्यंत लग्न उरकून मांडव उतरलेला असेल. पण गाडीवान भैरूने बैलांची शिंगे रंगवली होती, गळ्यात घुंगुरमाळा घातल्या होत्या आणि गाडी लग्नाची असल्यामुळे मुहूर्ताला पोहोचणे ही त्याच्या इभ्रतीची बाब होती. अक्का एस.टी.तून उतरल्या, ट्रंक चढवली, "त्रिंबक, वाळलास," एवढे म्हणाल्या, आणि गाडी जी सुटली ती नदीवर थांबणे तर सोडाच, नदी कुठे गेली तेही गुरुजींना दिसले नाही.

"बैलांना एवढं का सजवलंय?" अक्कांनी गाडीचा दांडा घट्ट धरून विचारले.

"तुम्ही येणार म्हणून," गुरुजी म्हणाले. अक्कांशी ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलले होते.

गावच्या शिवेवर सनई आणि ताशा वाजत होता. गाडी दिसताच तो दुप्पट वाजायला लागला. रस्त्यात वरल्या वाडीची वीसेक माणसे उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे म्हातारा गेणबा, हातात परात, परातीत मुंडावळ्या बांधलेला लाकडी नवरा. शेजारी त्याची नात जया, नाकापर्यंत पदर घेऊन.

"हेही माझ्यासाठीच का?" अक्कांनी विचारले. गुरुजींनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते त्यांनाही सांगता आले नसते.

गेणबाची अडचण वेगळीच होती. वरमाय म्हणून मिरवायची ती जयाची आई दिवस भरल्यामुळे डोंगर उतरली नव्हती आणि त्यामुळे नवरदेवाला वरमाय नव्हती. वरमायेशिवाय नवरा शीव ओलांडत नाही. सकाळपासून सगळे त्याच घोरात होते. तेवढ्यात सजवलेल्या गाडीत जरीकाठी लुगडे नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली, भारदस्त बाई पुण्याहून येऊन ठेपली. गेणबाने वर पाहून हात जोडले, "देवानंच धाडली," म्हणाला आणि परात उचलून अक्कांच्या मांडीवर ठेवली. अक्का काही बोलायच्या आत साळूबाईंनी त्यांचे पाय गाडीबाहेर ओढून ऊन पाण्याने धुतले, कुंकू लावले आणि ओटीत नारळ घातला.

"त्रिंबक," अक्का म्हणाल्या, "हे काय आहे?"

गुरुजींनी डोळे मिटून सगळे सांगितले.

अक्कांनी मांडीवरची परात दोन्ही हातांनी धरली. इथे त्यांच्याबद्दल एक सांगायला हवे. त्यांचा एकुलता मुलगा नागपूरला नोकरीला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथेच कचेरीत जाऊन सही करून लग्न केले आणि आईला कार्ड टाकून कळवले. अक्का त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. 'खर्च वाचला' एवढेच म्हणाल्या. पण वरमाय म्हणून त्यांचे पाय कुणी धुतले नव्हते ते नव्हतेच. त्यांनी एकदा मांडीवरच्या नवऱ्याकडे पाहिले, एकदा आपल्या ओल्या पायांकडे पाहिले आणि पदर सारखा केला.

"पाणी फार कढत होतं," त्या साळूबाईंना म्हणाल्या. "वरमायेला असं पाणी देतात का तुमच्यात?"

साळूबाईंचा चेहरा खुलला. "रुसल्या! वरमाय रुसल्या गं!" ही बातमी ताशाच्या आधी गावात पोहोचली. वरमाय रुसल्याखेरीज लग्नाला लग्नपण येत नाही, ही चिंताही मिटली होती.

मांडवात मात्र गुरुजींच्या वाट्याचे व्हायचे ते झालेच. वत्सी आईचे नऊवारी नेसून दारात पंचारती घेऊन उभी होती, डोळे खाली, आदर्श मुलीसारखी. गुरुजींना क्षणभर आशा वाटली. "हेमी कुठे आहे?" अक्कांनी विचारले. "इथंच आहे," असा आवाज आभाळातून आला. मांडवाच्या कुडावरून छतावर चढून हेमी आंब्याचे तोरण बांधत होती. आत्यांना वाकून नमस्कार करायचा, असे तिला बजावले होते. ती जिथे होती तिथूनच वाकली. छताच्या फांद्या मोडल्या आणि हेमी त्यातून थेट पत्रावळींच्या ढिगावर येऊन पडली. अर्धे छत तिच्यामागोमाग नथू गुरवावर आले.

"नमस्कार करते, आत्या," हेमी ढिगातून म्हणाली.

अक्कांनी गुरुजींकडे पाहिले. तो निकालच होता. गुरुजींनी मान खाली घातली, आणि वधूपित्याने वर बघू नये हा नियम त्या वेळी त्यांना सोयीचा पडला.

लग्न लागले. मंगलाष्टके म्हणणारा गावात दुसरा कुणी नव्हता, म्हणून बालविवाहाच्या कायद्यावर पाऊण तास बोललेल्या लागू गुरुजींनीच स्वतःचे उपरणे अंतरपाट म्हणून धरायला देऊन ती खड्या आवाजात म्हटली. साठ घरच्या अक्षता त्या दोन वीतभर जीवांवर पडल्या, त्याबरोबर नवरानवरी दिसेनाशी झाली आणि शोधून काढावी लागली. पंगती उठल्या. अक्का तीनदा रुसल्या आणि तिन्ही वेळा त्यांना लाडू देऊन समजवावे लागले. तिसऱ्या वेळी समजवायला वत्सी-हेमी दोघी गेल्या आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. पण गुरुजींचे लक्ष नव्हते. ते आत जाऊन मुलींचे कपडे पिशवीत भरत होते. धुतलेले होते. हेमीच्या परकराला कौलाचा खोंबारा होता, तो शिवायचा राहिला होता.

उन्हे उतरल्यावर पाठवणीची वेळ आली. अक्का गाडीत बसल्या. नवऱ्यामुलीला घेऊन वरल्या वाडीच्या पायथ्यापर्यंत जायचे, हे वरमायेचे काम. यमुनाबाईंनी सोनीची ओटी भरली. वत्सीने तिला एकदा उराशी धरले आणि गुरुजींच्या हातात दिले, कारण मुलगी बापाने द्यायची असते.

गुरुजींनी ती चिंधीची बाहुली हातात घेतली. तिला वजन म्हणून नव्हते. त्यांनी ती अक्कांकडे धरली आणि 'संभाळा' असे म्हणायला तोंड उघडले. रीत तशीच होती. पण शब्दाऐवजी हुंदका आला. मग दुसरा आला. मग सगळ्या गावादेखत, आपल्या चाळीस विद्यार्थ्यांदेखत, लागू गुरुजी चष्मा हातात घेऊन लहान मुलासारखे रडायला लागले आणि त्यांना थांबता येईना.

"बाबा," हेमी त्यांचे धोतर ओढत म्हणाली, "अहो बाबा, बाहुली आहे ती."

अक्कांनी सोनीला मांडीवर घेतले. तिची ओटी सारखी केली आणि मग भावाकडे पाहिले.

"एका चिंधीपायी हे," त्या म्हणाल्या. "मग या दोघी नेल्या असत्या म्हणजे काय केलं असतंस रे, त्रिंबक?"

गुरुजींनी उपरण्यात तोंड खुपसले.

"राहू दे. कळलं मला," अक्का म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसले. "वांड आहेत कार्ट्या. माझ्यानं व्हायच्या नाहीत. तुझ्यापाशीच राहू देत. आणि त्या हेमीला आधी कुडावरून उतरवा, परत चढलीय."

भैरूने गाडी हाकली. सनई वाजत राहिली. आता रडायचे काही कारण उरले नव्हते, आणि नेमके त्यामुळेच गुरुजींना आणखी जोराने रडू कोसळले. वत्सी त्यांच्या कमरेला बिलगली, हेमी कुडावरून उडी मारून त्यांच्या पाठीवर आली, आणि त्यांनी दोघींना इतके घट्ट धरले की हेमी "लागतंय" म्हणून ओरडली. हैबतराव फेटा काढून उभे होते. "लगीन बगावं तर गुर्जींच्या घरचं," ते साळूबाईंना म्हणाले. "पोरीच्या बापानं आसं रडावं." आणि आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावून ते मान्य केले.